सुनेसाठी मागितलेली दुपार

आता तोंड उघडलंच आहे तर सांगून टाकतो. फक्त हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, मागच्या खेपेला एकाच्या नाकातून आला होता. तसं हे हसण्यासारखं नाही. माझ्यासाठी तर नाहीच. माझ्या सुनेनं देवाकडं एकच गोष्ट मागितली होती, तीही एवढीशी, आणि ती मी घालवली. एकदा घालवली असती तर चूक झाली म्हटलं असतं. मी पुन्हा पुन्हा घालवली, आणि दर वेळी तिचं भलं करायलाच गेलो होतो. आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आमचं घर वाणगावच्या आतल्या अंगाला, पाड्यावर. भात झोडून झाला की शेतात माणसाला काम उरत नाही. बायको गेल्यापासून घरातही बोलायला कोणी उरलं नाही. मुलगा विलास बोईसरला कंपनीत आहे, सालवडला चाळीत खोली घेऊन राहतो. त्याचा फोन आला.

"बाबा, थोडे दिवस या इकडं. योनाला दात येतायत, दिवसभर कडेवरून उतरत नाय. सुनीता पार वाकलीय. तुमी आलात तर तिला मदत होईल."

मदत. हा शब्द जरा लक्षात ठेवा.

योना म्हणजे माझा नातू, अजून रांगतो. मोठी एस्तेर, ती बालवाडीत जाते आणि सगळ्यांना शिकवते. नावं सुनीतानं ठेवली, शास्त्रातली, म्हणजे बायबलातली. आमच्या घरात प्रभूचं नाव आणलं माझ्या बायकोनं, पण शास्त्र उघडून वाचणारी पहिली ही सूनच. मला वाचता येत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती पहाटे चुलीजवळ बसून वाचायची आणि मी अंथरुणातून ऐकायचो. मला वाटायचं, घरात दिवा आला.

तर मी तांदळाच्या पिठाची पिशवी आणि सुकटीचं गाठोडं घेऊन मदतीला गेलो.

मी मुळात हळू माणूस. योनाला लंगोट बांधायला घेतला की माझी गाठ बसेपर्यंत तो ओला होतो. एस्तेरची वेणी घालायला बसलो तर तिची बालवाडी सुटायची वेळ झाली. मला आंघोळीला कढत पाणी लागतं, चहा तीनदा लागतो, आणि भाकरी तव्यावरची लागते, दुपारची रात्री चालत नाही. सुनीता "हो बाबा, देते बाबा" म्हणायची. मी मनात म्हणायचो, बरं झालं आलो, पोरीला आधार झाला.

एका दुपारी काय झालं. योना तिच्या कडेवर, एस्तेर पदराला लोंबकळलेली, गॅसवर कुकर. सुनीता मध्येच खाली बसली. पडली नाही, बसली, पण बसायची जागा नव्हती ती. भांडी घासायच्या मोरीच्या कडेवर बसली.

"काय झालं गं?"

"काय नाय, बाबा." मग म्हणाली, "मला आता प्रार्थनाच होत नाय. मी डोळे मिटते, 'हे स्वर्गातल्या बापा' म्हणते, आणि कुकर वाजतो. नायतर हा रडतो. नायतर ही विचारते, आई, देवाला शेंबूड येतो का. रोज तेवढंच. हे स्वर्गातल्या बापा, आणि कट. देवाला पण वाटत आसंल, ही बाई नुसती मिस कॉल देते."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"एक दुपार पायजे, बाबा. एकच. दोघं झोपलेली, दाराला कडी, कोणी हाक मारणार नाय. मी आणि देव. नायतर माझं काय तरी तुटंल."

कुकर वाजला. ती उठली.

मी रात्रीपर्यंत त्या शब्दांपाशी बसून राहिलो. तिला दुपार कुठून आणून द्यायची? बैल आणता येतो, लाकूड आणता येतं. दुपार कशी आणायची? आमच्याकडं जे हातानं होत नाही ते संगतीत, म्हणजे प्रार्थनेला जमलेल्या माणसांत, सांगायचं असतं. पाड्यावरच्या संगतीत आम्ही आठ-दहा माणसं. कोणी उठून विनंती सांगितली की सगळे डोळे मिटतात, आपापल्या मनात तेच मागतात, आणि शेवटी सगळ्यात वयस्कर माणूस आमेन म्हणतो. तो वयस्कर मी. मोठ्यानं म्हणावं लागतं, कारण निम्म्यांना ऐकू येत नाही. मी आमेन म्हटलं की सगळे आमेन म्हणतात आणि गुरं सोडायला जातात. कोणी कोणाच्या घरी जात नाही. घरं टेकाडांवर, लांब लांब.

मला वाटलं, बोईसरलाही असंच असणार. देव तोच ना.

रविवारी आम्ही सगळे भक्तीला गेलो. पत्र्याची शेड, पंखे, ढोलकी, बाजा, माणूसच माणूस. गाणं सुरू झालं आणि योना गाण्याच्याही वर आवाज लावून रडायला लागला. सुनीता त्याला घेऊन बाहेर गेली. तिची जागा तिथंच, दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ, बदामाच्या झाडाखाली. विलास म्हणाला, वर्ष होत आलं, तिनं भक्ती चपलांजवळूनच ऐकलीय. त्या दिवशी तर योनाच्या रडण्यात तिला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

पाळकांनी विचारलं, "कोणाची प्रार्थनेची विनंती आहे का?"

मी उठलो. एवढ्या माणसांपुढं मी जन्मात बोललो नव्हतो. विलास माझा सदरा ओढत होता, पण मी म्हणालो, "माझी सून. सुनीता. तिला प्रार्थना करता येत नाय."

ढोलकीवाल्यानं ढोलकीवरचा हात काढला.

आता हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. शहरातल्या संगतीत ताप आला, नोकरी गेली, तर लोक मान हलवतात. पण माणसाला प्रार्थना करता येत नाही म्हटलं की ते फार मोठं. त्याचा अर्थ त्या माणसाला कसल्या तरी अंधारानं धरलंय. बायांच्या पुढारी लीलाबाय, त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. भरदार बाई, आवाज भोंग्यासारखा, मन लोण्यासारखं. त्यांनी विचारलं,

"बाबा, कधीपासून असं होतं?"

"योना झाल्यापासून."

"झोप लागते तिला?"

"नाय."

"जेवते?"

"उभ्यानं. कधी पोराचं उष्टं."

"कोणाशी बोलते?"

"भांड्यांशी बोलते कधी कधी. एकटीच."

मागून कोणीतरी "प्रभू दया कर" म्हणालं.

"मध्येच रडते?"

"रडते. आणि म्हणते, माझं काय तरी तुटंल."

एकही शब्द खोटा होता का? तुम्हीच सांगा. तान्ह्या पोराची कोणतीही आई आणून उभी करा, हीच उत्तरं येतील. पण लीलाबायनी डोळे मिटले, हात वर केला आणि सांगितलं, उद्यापासून तीन दिवस सुनीताच्या घरी साखळी प्रार्थना. दुपारी दोन वाजता, बायांची कामं उरकलेली असतात.

मला बरं वाटलं. एवढी माणसं माझ्या सुनेसाठी एकत्र येणार. घरी येणार, हे कानांनी ऐकलं, पण डोक्यात गेलं नाही. माझ्या डोक्यात सगळं हळू जातं.

बाहेर पडताना एकेक बाई सुनीताचा हात धरून जात होती. "घाबरू नको, पोरी." "आमी हाव तुज्यासंगं." सुनीता घरी आल्यावर विलासला म्हणाली, "योना इतका जोरात रडला का हो? सगळ्या माझ्याकडं बघून हळहळत होत्या."

विलास माझ्याकडं बघत होता. मी पोराकडं बघितलं. विलासनं तिला काही सांगितलं नाही आणि मीही नाही.

आता सोमवारी दुपारी काय झालं ते ऐका.

योना झोपला. स्वतःहून झोपला. त्याच्या बाजूला एस्तेरही झोपली. सुनीतानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघांनीही श्वास सोडला नाही. मी बोटानंच सांगितलं, बस तू, मी बाहेर राखण बसतो. तिनं हळूच कडी लावली. मी पायरीवर बसलो. काठी आडवी घेतली. गल्लीत कुत्रं आलं, हाकललं. भाजीवाला ओरडणार होता, त्याला हातानं थांबवलं. आयुष्यात मला एवढं मोठं काम कोणी दिलं नव्हतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी लीलाबाय दिसल्या. त्यांच्या मागं बाया, हातात खंजिऱ्या.

मी राखणदार होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की पोरं झोपलीत, उद्या या. पण प्रार्थना करायला आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? ते तर देवालाच परत पाठवल्यासारखं. मी उठलो, "या, या, बसा" म्हणालो, आणि माझ्या ह्याच हातानं दाराची कडी वाजवली.

आतून एक शब्द ऐकू आला. "बापा."

आणि मग योना.

खोली केवढी? दोन माणसं आडवी झाली तर तिसरं उभं राहतं. त्यात सगळ्या बाया शिरल्या. सुनीताला मध्ये बसवलं, डोक्यावर हात ठेवले, एवढे हात की पोरीचं डोकं दिसेना. खंजिऱ्या सुरू झाल्या. योना किंचाळत होता, एस्तेर नाचत होती. आणि सुनीता त्या हातांच्या खालून मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती, बाजारात हरवलेल्या पोरासारखी.

पुढं चहा. पाहुण्याला चहा न देता कसं पाठवणार? दूध संपलं. कप शेजारच्या भाभीकडून आणायला मला पाठवलं. ती म्हणाली, "चाचा, इतने कप तो मेरी शादी में भी नहीं आए थे।"

तेवढ्यात विलास पहिल्या पाळीवरून आला. दारात चपलांचा ढीग, आतून रडण्याचा आवाज, बाया डोळे पुसतायत. तो चपलांसकट आत घुसला आणि ओरडला, "बाबा गेले?"

मी मोरीजवळ कप विसळत होतो. म्हणालो, "नाय रे, हाय."

मंगळवारी बायांबरोबर त्यांचे नवरेही आले. सुनीता सकाळपासून कपड्यांचा ढीग बाजूला सारून खोली झाडत होती. तिला कळेना की हे चाललंय काय. विलासला म्हणाली, "तुमी काय सांगितलं का कोणाला?" तो म्हणाला, "मी नाय." माझं नाव घेतलं नाही, पोरगा चांगला आहे. तिसऱ्या माणसाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्या मनातही आलं नसणार. त्याचंच मला जास्त लागलं.

मी ठरवलं, हे आपणच निस्तरायचं. लोक गेल्यावर काठी घेतली आणि लीलाबायच्या घरी गेलो. माझ्या चालीनं पोचेपर्यंत ऊन कलून गेलं.

"बाय," मी म्हणालो, "उद्या येऊ नका. सुनीता बरी झाली."

लीलाबायनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, सुटलो.

"बरी झाली? दोन दिवसांत?" त्यांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का, सुनीता बरी झाली." मग मला म्हणाल्या, "मग तर उद्या यायलाच पायजे, बाबा. आभाराची प्रार्थना नको? सगळी मंडळी आणते. पाळकांना सांगते. तिची साक्ष होऊ दे, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं सांगू दे. जेवण साधंच ठेवू, डाळ-भात. तिला म्हणावं, तू काय करू नको. तांदूळ आमचे, डाळ आमची. फक्त गॅस तुजा आणि भांडी तुजी."

परतीच्या वाटेवर मला घर येऊच नये असं वाटत होतं. ते आलं.

सुनीता नळावर दुपटी धूत होती. मी तिच्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. विनंती मीच दिली, कडी मीच वाजवली, बरी झाली असं मीच सांगितलं, आणि उद्या जेवण आहे. हळूहळू सांगितलं, मला दुसरं येत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नळ बंद केला. हातातलं दुपटं पिळलं, पिळून झालं तरी पिळत राहिली.

"बाबा, मी एक दुपार मागितली होती."

एवढंच. मग तिनं नळ पुन्हा सोडला.

बुधवारी खोलीत माणूस, दारात माणूस, पायरीवर माणूस. पाळक खुर्चीवर बसले. भात शिजला होता, डाळ उकळत होती. पाळक म्हणाले, "आपली बहीण सुनीता आता प्रार्थना करील. जी प्रार्थना तिला करता येत नव्हती, तीच आपण तिच्या तोंडून ऐकू."

योनाला कोणीतरी बाहेर भाभीकडं दिलं होतं. सुनीता स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली. स्टुलावर हात ठेवले, हातांवर कपाळ टेकलं.

"हे स्वर्गातल्या बापा," ती म्हणाली.

आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. काहीच आवाज नाही. लीलाबायच्या गालावरून पाणी आलं. एक म्हातारी पुटपुटली, "बघा, शब्दच फुटत नाय तिला." पाळकांनी डोळे घट्ट मिटले. अख्खी खोली अशी गप्प की बाहेर रिक्षा वळली तर तिचं चाक ऐकू आलं.

मी तिच्या सगळ्यात जवळ होतो. मला तिचा श्वास ऐकू येत होता. लांब, सारखा, शेवटी हलकीशी शिट्टी. पोरगी झोपली होती.

मिळाली. एवढ्या माणसांच्या मध्ये तिची दुपार मिळाली. मी कधी नव्हे ते शहाणपणानं वागलो. बोट ओठावर ठेवलं आणि सगळ्यांना खुणावलं, कोणी हलू नका. आणि ती माणसं, काय सांगू, देवासारखी. कोणी पाऊल हलवलं नाही. लीलाबायनी हळूच जाऊन गॅस बंद केला. कोणीतरी एस्तेरला उचलून बाहेर नेलं. दारातल्या बाईनं गल्लीतल्या पोरांना दम दिला, तोही नुसत्या डोळ्यांनी. सुनीता झोपली होती, तिच्या तोंडातून थोडी लाळ हातावर आली होती, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली होती. ती आठी मी आलो तेव्हापासून बघत होतो. मला वाटायचं, ती तिथं जन्मापासूनच आहे.

मला माझी बायको आठवली. मला प्रभूची दया आठवली. मला वाटलं, विनंती चुकली, वाट चुकली, सगळं चुकलं, तरी त्यानं ऐकलं. ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की पाड्यावर मी जे करतो, तेच केलं.

मोठ्यानं म्हणालो, "आमेन."

आता संगतीत वयस्कर माणसानं आमेन म्हटलं की बाकीच्यांनी काय करायचं असतं? ते सगळीकडं सारखंच आहे. खोलीनं आमेन म्हटलं, दारानं म्हटलं, पायरीनं म्हटलं. कोणीतरी हालेलुया म्हणालं, खंजिऱ्या वाजल्या, ढोलकी लागली, भाभीच्या घरातून योना सुरू झाला.

सुनीतानं डोकं वर काढलं. गालावर स्टुलाच्या कडेचा वळ. एक क्षण तिला कळलंच नाही ती कुठं आहे. मग कळलं.

लीलाबायनी विचारलं, "पोरी, काय अनुभव आला, सांग सगळ्यांना."

सुनीता म्हणाली, "खूप बरं वाटलं, बाय. मग कुकर वाजला."

लोक गॅसकडं बघायला लागले. गॅसवर कुकर नव्हताच. ती माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. विलास म्हणाला, राहा अजून. एस्तेर म्हणाली, "कुकर आजोबा, तुमी जा. मग आई तीन चहा कमी करंल." पोर बालवाडीत जाते, हिशेब येतो तिला. सुनीतानं तिला दटावलं, पण नाही म्हणाली नाही.

घरी आलो. एकदम मोकळं वाटलं. म्हटलं, निदान आता तरी पोरीला दुपार मिळेल. मी नाही, बाया नाहीत, चहा नाही. दुपार झाली तसा मी अंगणात बसून विचार करायला लागलो. झोपली असतील का दोघं? लावली असेल का कडी? बसली असेल का चटईवर? जीव राहिना. म्हटलं, विचारून घेऊ, तेवढंच समाधान.

फोन लावला. बराच वेळ वाजला.

आधी योना ऐकू आला, झोपमोड झाल्यावर रडतो तसा. मग सुनीता.

"बोला, बाबा."

एवढा वेळ वाजवण्यापेक्षा मी नुसता मिस कॉल तरी द्यायचा होता.